डाव्या दारावरची मार्गारेट

तानेकनला पुरलं कुठे, हे तिच्या आईबापांना कुणी सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात औदेनार्डे गावात तापाने माणसं अशी पटापट मरत होती, की चर्चच्या घंटाही बंद ठेवल्या होत्या. वाजवायच्या म्हटल्या तर थांबवायच्या कधी? नगरसभेची गाडी सकाळी यायची. ज्या दारावर तापाची खूण म्हणून गवताची पेंढी टांगलेली असेल तिथे थांबायची, आणि तोंडाला फडकी बांधलेले दोन गडी आत शिरायचे. तिच्या बापाच्या, लिव्हेन चित्रकाराच्या दारावरही पेंढी होती. गड्यांनी तानेकनला चादरीसकट उचललं. मागून दुसरी गाडी आली. तिच्यात तिचं अंथरूण गेलं, कपडे गेले, कंगवा गेला, सणासुदीची निळी टोपी गेली. कार्यशाळेतला कागदांचा गठ्ठाही गेला. पोर पाळण्यात होती तेव्हापासून लिव्हेनने काढलेली तिची रेखाटनं होती त्यात.

"कागद राहू द्या," लिव्हेन म्हणाला.

"कागदात ताप बसतो," गाडीवाला म्हणाला, आणि त्याच्याशी भांडायला लिव्हेनच्या अंगात त्राण नव्हतं. तो स्वतः तापातून नुकता उठला होता, भिंतीला धरून उभा होता.

लिव्हेन आणि त्याची बायको योसिना वाचली. आपण का वाचलो, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही.

पेंढी उतरली आणि हातात पांढरी काठी घेऊन बाहेर पडायची मुभा मिळाली. ती काठी दिसली की लोक दुरूनच वाट बदलायचे. योसिना बाहेर पडली ती ना पाव आणायला, ना मासळी आणायला. सरळ चर्चमध्ये गेली. तिथे उत्तरेच्या बाजूच्या छोट्या चॅपेलमध्ये कापडाचे व्यापारी रूलांट शेठ यांनी वेदीमागे मोठं चित्र बसवलं होतं. मधे क्रुसावरचा येशू, दोन्ही बाजूंना मिटती दारं, आणि डाव्या दाराच्या आतल्या अंगाला संत मार्गारेट, बाळंतिणींची रक्षणकर्ती, पायाशी तिचा ड्रॅगन. काम लिव्हेनचं. त्याचं नाव त्यावर नव्हतं. कुणाच्याच कामावर कुणाचं नसायचं. चौकटीवर शेठांच्या घराण्याचं चिन्ह होतं आणि गाव त्याला 'रूलांट शेठांचं चित्र' म्हणायचं.

पण मार्गारेट तानेकन होती. गेल्या हिवाळ्यात लिव्हेनने तिलाच समोर बसवलं होतं. ड्रॅगनसाठी शेजाऱ्याचं थोराड कुत्रं आणून तिच्या पायाशी बांधलं होतं. ते कुत्रं मधेच उठायचं, अंग झाडायचं, आणि तिच्या पायावर डोकं टेकून घोरायला लागायचं. संताने गंभीर असावं म्हणून तानेकन ओठ आवळून बसायची, तरी उजव्या कोपऱ्यातून हसू निसटायचंच. लिव्हेन रागवायचा, आणि शेवटी त्याने ते निसटणारं हसू तसंच ठेवून दिलं.

चर्चचा म्हातारा राखणदार भला माणूस होता. एरवी ती दारं मिटलेली असायची, पण योसिना आली की तो डावं दार तिच्यापुरतं उघडायचा आणि कुठेतरी झाडू मारत बसायचा. योसिना खाली फरशीवर बसायची आणि बोलायची.

"केस बघ कसे झालेत. ये, बस, विंचरते. थंडी पडायला लागली गं. लोकरीचे मोजे घालायचे म्हटलं की तुझं तोंड वाकडं."

बायका खांबामागून ऐकायच्या. आधी डोळे पुसायच्या, मग कुजबुजायला लागल्या, आणि पुढे पुढे पाद्रीबाबांच्या कानावर घालायला लागल्या.

घरी आली की योसिना म्हणायची, "अहो, एकदा चला ना. बरं वाटतं."

"उद्या जाऊ," लिव्हेन म्हणायचा. त्याचा तो उद्या कधी उजाडला नाही. त्या चेहऱ्यावरची पापणी न् पापणी त्याच्या हातची होती. समोर गेलो तर आपण उभे राहू शकणार नाही, अशी त्याला भीती होती.

नोव्हेंबरातला संत मार्टिनचा सण महिन्यावर आला होता, तेव्हा एके दिवशी रूलांट शेठ स्वतः कार्यशाळेत आले. एरवी निरोप धाडणारा माणूस. साठीला आलेले, भरल्या अंगाचे, आता मात्र टोपी काढून बोटांत फिरवत उभे.

"बैस, बैस, उठू नकोस," ते म्हणाले. "पोरीचं कळलं होतं रे. यायला हवं होतं. पण दारावर पेंढी..."

"खरंय, शेठ."

"एक काम आहे. तुला आवडायचं नाही."

लिव्हेनने कुंचला खाली ठेवला.

"बेट्रिसला दिवस गेलेत, सातवा सरत आलाय," शेठ म्हणाले. बेट्रिस म्हणजे त्यांची दुसरी बायको. दोन वर्षांपूर्वी केलेली, वयाने त्यांच्या मुलीसारखी. "पहिलं राहिलं नाही. ह्या खेपेला सुईण म्हणाली, रोज मार्गारेटपुढे मेणबत्ती लाव. ती गेली आणि थरथरत परत आली. म्हणते, ती मार्गारेट नाही, तानेकन आहे. तापाने गेलेली पोर माझ्याकडे बघून हसते म्हणते. पोटुशी बाई जे बघते ते पोटातल्यावर उमटतं, हे तुला मी सांगायला नको."

"शेठ, चित्र आहे ते."

"मला कळतं. तिला कोण समजावणार? जेवत नाही, झोपत नाही. चेहरा बदल, लिव्हेन. तेवढाच. बाकी सगळं राहू दे."

लिव्हेनला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग त्याने शेठांचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. "नवी फळी घेतो, नवं दार रंगवून देतो. फुकट देतो. हे मला द्या. आमच्याकडे दुसरं काही नाही, शेठ. मोजासुद्धा ठेवला नाही हो गाडीवाल्यांनी."

शेठांनी हात सोडवून घेतला नाही. "विचारलं मी पाद्रीबाबांना. दार देवाला अर्पण झालंय, विधिवत पवित्र केलंय, ते घरी नेता येत नाही. शिवाय बाबा म्हणाले, बदललेलं बरंच. तुझी बायको संताशी वेणीफणीच्या गप्पा मारते. आज लोक हसतात, उद्या कुणी पाखंड म्हणालं तर?" त्यांनी आवाज खाली आणला. "तू नाही म्हणालास तर गोस्विन करेल. तयार आहे तो. म्हणतो, आधी खरवडून लाकूड मोकळं करावं लागेल."

गोस्विन म्हणजे पुलापलीकडचा चित्रकार. हात जड, पण दिलेल्या दिवशी काम देणारा. त्याच्या हातातली पाती लिव्हेनच्या डोळ्यांपुढे आली. कपाळावरून, मग नाकावरून.

"सणापर्यंत थांबा," तो म्हणाला. "मी करतो."

योसिनाला त्याने सांगितलं नाही. त्याने मनात वेगळंच ठरवलं होतं. छोट्या फळीवर तोच चेहरा उतरवून घ्यायचा, तिच्या हातात ठेवायचा, आणि मग सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी चर्चमध्ये जाऊ लागला. योसिना सकाळची जाऊन यायची. म्हातारा राखणदार दार उघडून द्यायचा.

पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा लिव्हेनने वर बघितलंच नाही. आधी ड्रॅगन बघितला, मग झग्याची निरी, मग हात. हात तिच्या आईचे होते, लांब बोटांचे. मग त्याने मान वर केली आणि समोरच्या बाकावर मटकन बसला. त्या दिवशी काम झालं नाही.

नंतर झालं. चेहऱ्यावर पातळ तेलकट कागद धरून त्याने खाका उतरवला. रेघेला रेघ जुळली. तेच रंग घोटले, तेच जवसाचं तेल, तशाच थरावर थर दिले. आणि तयार झाली ती एक गोड मुलगी. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते रंगवलेलं हसू होतं, निसटलेलं नव्हतं. त्याने ते पुसून पुन्हा केलं, तर वेदना झाल्यासारखं दिसायला लागलं. दुसरी फळी घेतली, तिसरी घेतली. आयुष्यभर कुणाचंही तोंड बघून उतरवणारा माणूस. गावातल्या सावकाराच्या नाकावरचा मसही त्याला चुकला नव्हता. आता आपल्याच हातचा चेहरा त्याला उतरेना. जिवंत पोर समोर बसली होती तेव्हा ती सारखी हलत होती, आणि त्या हलण्यातून त्याने तिला पकडलं होतं. आता समोरचं काही हलतच नव्हतं. पकडायचं काय?

फळ्या त्याने कार्यशाळेत भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. झाडताना योसिनाने त्या उलटल्या.

"ही कोण?" ती म्हणाली.

लिव्हेनने पुढे होऊन एक फळी पुन्हा भिंतीकडे वळवली.

"मी विचारतेय, ही कोण? आणि ही? आणि ही?"

मग त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत होती तेव्हा तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. रडली नाही. हातातला झाडू तेवढा भिंतीला नीट टेकवून ठेवला.

"तुम्ही हो म्हणालात."

"गोस्विनने खरवडलं असतं, योसिना."

"तुम्ही हो म्हणालात," ती पुन्हा म्हणाली. "तुमच्या हाताने. माझ्या पोरीला गाडीत घालताना गडी परके होते हो, निदान परके होते!"

ती तशीच, डोक्याला फडकं न बांधता बाहेर पडली. लिव्हेन मागून धावला. बाजाराच्या चौकातून, विणकरांच्या गल्लीतून ती थेट रूलांट शेठांच्या दाराशी गेली आणि मुठीने दार बडवायला लागली. दार उघडलं ते बेट्रिसनेच. नोकर मागे घुटमळत होते. पोटावर दोन्ही हात ठेवून ती उंबरठ्याच्या आत उभी राहिली, आणि योसिनाला बघून एक पाऊल मागे सरकली.

"ओरबाडणार नाही तुला," योसिना म्हणाली. "बोलायला आलेय. माझ्या पोरीने काय वाईट केलं तुझं?"

"काही नाही, मावशी." बेट्रिस म्हणाली. "मावशी, मी ओळखते तिला. त्या व्रतस्थ बेगीन बायकांकडे आम्ही शिवण शिकायला शेजारी बसायचो. माझा टाका चुकला की ती अशीच ओठ दाबून हसायची."

"मग?"

"मग ती तशीच हसते ना आता! म्हणते, तू जिवंत कशी गं? मी गेले आणि तू कशी राहिलीस? डोळे मिटले तरी तीच दिसते. पहिलं माझं पोटातच गेलं, मावशी. निळं पडलं होतं. पुन्हा तसं झालं तर मी मरेन." ती बोलता बोलता गुडघ्यांवर आली, भरल्या पोटाने, उंबरठ्यावर. "माफ करा मला. तिच्यावर राग नाही हो माझा. भीती वाटते नुसती."

योसिनाने खाली वाकून तिला दंडाला धरून उठवलं. "दगडावर बसू नये अशा वेळी," ती म्हणाली, आणि वळून चालायला लागली.

लिव्हेन तिच्या मागोमाग घरापर्यंत आला. दाराशी ती म्हणाली, "तिला दोष देता आला असता तर बरं झालं असतं." आणि आत आल्यावर म्हणाली, "कापून आणा."

"काय?"

"चेहरा. करवत आहे ना तुमच्याकडे, फळ्या कापायची? दार उतरवून देतीलच तुम्हाला कामासाठी. पडदा बांधा आणि तेवढा तुकडा कापा. मी बाहेर टोपली घेऊन उभी राहते. आपण गेंटला जाऊ, नाहीतर आणखी कुठे. भीक मागू."

"देवाला अर्पण केलेलं आहे ते, योसिना. हात तोडतील. हद्दपार करतील."

"करू दे. हाताला काय करायचंय आता?"

लिव्हेनने कोपऱ्यातली करवत काढून तिची धार अंगठ्याने बघितली. खरं म्हणजे त्याला प्रथमच जरा मोकळं वाटलं. करण्यासारखं काहीतरी होतं.

सणाच्या आदल्या दिवशी राखणदाराने बिजागऱ्या सोडवायला हात लावला. दोघांनी मिळून दार उतरवलं आणि लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. लिव्हेनने भोवती कापड बांधलं. म्हातारा जेवायला गेला. उत्तरेच्या दाराबाहेर योसिना टोपली घेऊन उभी होती. टोपलीत सलगम होते आणि एक जुनं मऊ फडकं.

त्याने पिशवीतून करवत काढली. खडूने चौकोन आखला. वरची रेघ केसांच्या वरून गेली, बाजूच्या दोन आभाळातून. खालची रेघ काढायला गेला आणि त्याचा हात थांबला. रेघ गळ्यावरून जात होती.

त्याने ती पुसली आणि खाली छातीवरून काढली. पण मग तुकडा एवढा मोठा झाला असता की ना टोपलीत मावला असता, ना झग्याखाली. पुन्हा वर घेतली. पुन्हा गळाच. तानेकन आडवी पडून वर बघत होती, तापात पडली होती तशी, आणि बाप करवत घेऊन वाकलेला. त्याने डोळे मिटून करवतीचे दात लाकडाला टेकवले. एकदा ओढली. आवाज आला. बारीक, कोरडा. गळ्याच्या बाजूला, झालरीच्या पांढऱ्या रंगावर, नखाएवढी चीर पडली, आणि लिव्हेनच्या हातून करवत खाली फरशीवर पडली. तिच्या खणखणाटाने सगळं चर्च दुमदुमलं.

योसिना आत आली ती टोपली बाहेरच टाकून. तिने कापड बाजूला केलं. चीर बघितली, खडूची रेघ बघितली, नवऱ्याला बघितलं. तो चॅपेलच्या भिंतीशी बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"नाही होत माझ्याने," तो म्हणाला. "गळा आहे गं तो."

तिने खाली पडलेली करवत उचलली, क्षणभर हातात धरली आणि पिशवीत ठेवून दिली. मग कमरेच्या फडक्याने खडूच्या रेघा पुसल्या. कपाळावरून फडकं फिरवलं, गालांवरून फिरवलं, जरा जास्तच वेळ.

"खरवडू नका," ती म्हणाली.

"नाही. आधी रोगणाचा थर देतो, त्याच्यावर रंगवतो. खाली ती जशीच्या तशी राहील."

"राहील?"

"राहील."

"मग त्याचा मला काय उपयोग?" योसिना म्हणाली. त्यात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

रोगण वाळायला काही दिवस गेले. सण येऊन गेला. मग रंग द्यायच्या दिवशी योसिना त्याच्याबरोबर आली. येऊ नको, असं तो म्हणाला होता. पण त्याचे रंग लग्नापासून तीच घोटत आली होती, आणि त्या दिवशीही पांढरा तिनेच घोटला. दगडावर दगड फिरत राहिला, नेहमीपेक्षा बारीक होईपर्यंत. तिने रंगाने शिंपला भरून त्याच्या हातात दिला.

लिव्हेनने कुंचला बुडवला आणि हनुवटीकडे नेला.

"तिथून नको," योसिना म्हणाली. "डोळे आधी झाका. ती बघतेय."

त्याने डोळे झाकले. आधी डावा, मग उजवा. मग बाकीचं सोपं नव्हतं, पण झालं. तोंड शेवटी आलं. तेव्हा योसिना वळली आणि बाहेर निघून गेली.

नवा चेहरा त्याने कुणाचाच केला नाही. भुवया एका जुन्या पुतळ्यावरून घेतल्या, नाक कुठल्याशा छापील चित्रातलं, तोंड मिटलेलं. गळ्यावरच्या चिरेत लुकण भरून वरून मोत्यांची माळ रंगवली. शेठांना आवडलं. पाद्रीबाबा म्हणाले, आता कशी संतासारखी दिसते. बेट्रिस रोज मेणबत्ती लावू लागली, आणि नाताळच्या अलीकडे तिला मुलगा झाला, रडका, लालबुंद, धडधाकट. शेठांकडून केशराचा गोड पाव आला. योसिनाने तो फडक्यासकट शेजारी देऊन टाकला.

ती चर्चमध्ये जायची थांबली. घरीही फारशी बोलेना. लिव्हेन रंगवायला बसला की उठून अंगणात जायची. त्यानेही मग माणसं रंगवणं सोडलं. मिरवणुकीचे झेंडे, खुर्च्या, शवपेट्यांवरची चिन्हं, येईल ते करायचा.

वसंतात ताप परत आला. नदीकाठच्या इस्पितळात काळ्या झग्याच्या जोगिणी रोग्यांची सेवा करायच्या. त्यांना माणसं कमी पडत होती. एकदा ताप येऊन गेलेल्याला तो पुन्हा धरत नाही म्हणत. योसिनाने चुलीतली राख काढली, लिव्हेनच्या दोन सदऱ्यांना ठिगळं लावली आणि म्हणाली, "मी तिकडे जाते."

"परत कधी?"

"बघू," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवरचा सुटा धागा तोडून निघून गेली.

तो थांबवायला उठला नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार?

रविवारी तो पाव आणि लोणी घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी जायचा. फाटकाला जाळी होती. योसिना कधी यायची, कधी निरोप यायचा की वेळ नाही. ती वाळली होती, हात व्हिनेगरने सोलवटले होते; पण चाल पूर्वीसारखी भराभर झाली होती. एका रविवारी तो जाळीला धरून म्हणाला, "योसिना, एक सांगायचंय. मला तिचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की तो नवाच येतो, मी केलेला. रोज प्रयत्न करतो. येतच नाही."

त्याला वाटलं, योसिना आता शाप देईल. द्यावा, असंही वाटलं.

"मलाही धूसर झालाय," ती म्हणाली. "इथे रोज इतके चेहरे येतात. काल एक आली होती, विणकराची पोर. सकाळी गेली. मी शेवटपर्यंत हात धरला होता तिचा." तिने सोललेले हात झग्याला पुसले. "आपल्या पोरीचा तेव्हा कुणी धरला होता हो? तुम्ही तापात, मी तापात."

"माहीत नाही."

"हां. तेच."

आतून कुणीतरी पाणी मागितलं. पातळ, मुलीचा आवाज. योसिनाने मान वळवली.

"पाव ठेवा तिथे दगडावर," ती म्हणाली. "येऊन घेते."

आणि ती आत गेली. लिव्हेनने पाव दगडावर ठेवला, मुंग्या लागू नयेत म्हणून फडकं घट्ट बांधलं, आणि जाळीला धरून उभा राहिला. बराच वेळ झाला तरी ती बाहेर आली नाही.